जुनी अमेरिकन गाडी घेऊ का? डेट्रॉइटच्या मामाचं लांबलेलं उत्तर

माझ्या भाच्याने कोलंबसहून विचारलंय: "मामा, १९७० च्या आसपासच्या अमेरिकन गाड्यांचा विषय निघाला की तुम्ही मंडळी डोळे मिटून बोलायला लागता. त्या खरंच एवढ्या चांगल्या होत्या का? मला एक घ्यायचीय, शनिवार-रविवार फिरवायला. कोणती घेऊ? आणि चालवताना नक्की कसं वाटतं?" फोनवर सांगायला लागलो तर पाऊण तासात माझी पहिलीच गाडी संपेना, म्हणून लिहून पाठवतोय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, चांगल्या नव्हत्या. मी १९७१ साली डेट्रॉइटला आलो आणि निवृत्त होईपर्यंत इंजिनांच्या टेस्ट लॅबमध्ये काम केलं, त्यातली पहिली बारा-तेरा वर्षं निव्वळ कार्ब्युरेटरवर, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणाऱ्या भागावर. त्यामुळे प्रेम असलं तरी हिशेब विसरत नाही. तुझ्या दारातली साधी चार सिलिंडरची गाडी ब्रेक, टायर, ॲव्हरेज, धडकेत जीव वाचवणं, सगळ्यात त्यांच्या कितीतरी पुढे आहे. १९७२ साली या देशात रस्त्यांवर ५०,००० हून जास्त माणसं मेली. आणि तेव्हा सगळ्या गाड्या मिळून आजच्या निम्मे मैलसुद्धा धावत नव्हत्या.

मग आम्ही डोळे का मिटतो? कारण ती गाडी कळायची. काय बिघडलंय ते आवाजावरून, वासावरून, पायाखालच्या थरथरीवरून समजायचं, आणि बहुतेक वेळा दारातच, चार पाने आणि एक स्क्रूड्रायव्हर घेऊन दुरुस्त करता यायचं. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी खालची जमीन दिसायची. तुझ्या गाडीचं बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं झाकण दिसतं, आणि त्यावर कंपनीचं नाव.

माझं वेड तसं इथलं नव्हेच, ते दादरचं. आमच्या लहानपणी मुंबईत मोठ्या टॅक्सी असायच्या, डॉज, प्लिमथ, शेव्हरोले. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या जायच्या. तिन्हींचा पत्रा जवळजवळ सारखाच, तोंड आणि नाव वेगळं. आम्ही पोरं समोरच्या जाळीवरून नाव ओळखायच्या पैजा लावायचो. लग्नाला जायचं तर एका डॉजमध्ये अख्खं कुटुंब, दोन ट्रंका आणि आजीचा पाट मावायचा. तेव्हा डोक्यात बसलं की गाडी म्हणजे एवढी. फियाट म्हणजे गाडीचं पिल्लू.

म्हणून १९७२ च्या वसंतात २५० डॉलरला १९६४ ची प्लिमथ व्हॅलियंट मिळाली तेव्हा मी थोडा हिरमुसलो होतो. इथल्या मापाने ती छोटी गाडी. पण तिच्यात स्लँट सिक्स होतं: २२५ घनइंच, म्हणजे ३.७ लिटर, सहा सिलिंडर एका रांगेत आणि अख्खं इंजिन ३० अंशांनी एका अंगावर कलंडलेलं, जेवण झाल्यावर लोडाला टेकून बसलेल्या माणसासारखं. कलंडवल्यामुळे बॉनेट खाली आणता आलं, आणि मोकळ्या झालेल्या बाजूला सहाही सिलिंडरांना हवा-पेट्रोल पोचवणाऱ्या लांब नळ्या बसल्या. वर एकाच घशाचा साधा कार्ब्युरेटर. कारागिरी अशी की बिघडायला जागाच कमी.

गियरला दांडा नव्हता. स्टिअरिंगच्या डावीकडे डॅशबोर्डवर बटणं होती: रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, दोन, एक. शेजारी पार्कसाठी सरकवायची छोटी पट्टी. लिफ्टचं बटण दाबावं तसं दाबायचं की खालून एक मऊ धक्का यायचा आणि गाडी निघायची. १९६४ हे त्या बटणांचं शेवटचं वर्ष. आज तुमच्या नव्या गाड्यांत पुन्हा गियरची बटणं आलेली बघतो तेव्हा हसू येतं.

सेल्फचा आवाजही वेगळा. क्रायस्लरच्या सेल्फमध्ये मध्ये एक गियर असायचा, त्यामुळे "घर्र" न होता चढ्या पट्टीत "न्यॅव-न्यॅव-न्यॅव-न्यॅव" व्हायचं. या आवाजाला इथले जुने लोक हॅमट्रॅमिकचा हमिंगबर्ड म्हणतात; हॅमट्रॅमिक म्हणजे डेट्रॉइटच्या पोटातलं छोटं शहर, तिथे क्रायस्लरचा कारखाना होता. पहाटे गल्लीत कोणाची गाडी सुरू होतेय ते अंथरुणात पडल्यापडल्या सांगता यायचं.

त्या गाडीने मला पहिला धडा दिला तो अ‍ॅन आर्बरच्या वाटेवर, आय-९४ च्या कडेला. डावीकडचं मागचं चाक पंक्चर. स्टेपनी काढली, जॅक लावायच्या आधी नट ढिले करायला पाना लावला. हलेना. पान्यावर उभा राहिलो. तरी हलेना. उड्या मारल्या. "कट्ट" असा आवाज आला आणि नट बोल्टासकट तुटून हातात आला. मी दुसऱ्या नटावर उडी मारली, तोही तुटला. तेवढ्यात मागे एक ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, काही न बोलता राहिलेल्या बोल्टच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे बारीकसं "एल" अक्षर ठोकलेलं होतं. डाव्या चाकांचे आटे उलटे! क्रायस्लरच्या गाड्यांत कितीतरी वर्षं तसंच होतं, चाक फिरताना नट सैल होऊ नयेत म्हणून. मी ढिलं समजून आणखी आवळत होतो. इंजिनीअरिंगची पदवी घेऊन आलेला माणूस, आणि नट कुठल्या बाजूला फिरतो ते ट्रकवाल्याने शिकवलं. तीन नटांवर वीस मैल वेगाने घरी आलो. तू डार्ट किंवा व्हॅलियंट घेतलीस तर डावीकडचं ते अक्षर आधी बघ, पाना मागाहून लाव.

बाकीचं शिक्षण शेजारी झालं. आमच्या शेजारी एक पोलिश म्हातारा राहायचा, हॅमट्रॅमिकच्या डॉज मेन कारखान्यातून निवृत्त झालेला. माझी व्हॅलियंट तिथलीच. तो दार उघडून बिजागरीकडे बघायचा आणि म्हणायचा, हे बहुतेक मीच लावलंय, म्हणून नीट लागतंय. त्याचं इंग्रजी मला अर्धं कळायचं, माझं त्याला तेवढंच. पण टॅपेटची भाषा एकच.

टॅपेट सेट करणं हा प्रकार तुला सांगायलाच हवा, कारण माझं "कळायची" म्हणणं त्यातच आहे. या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट साधे, घन. दर काही हजार मैलांनी व्हॉल्व्हची फट मोजून लावायची: हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या इनटेकला १० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टला २० थाऊ. तीही गरम इंजिनावर. म्हातारा तर चालू इंजिनावरच करायचा. आधी वीस मिनिटं गाडी फिरवून आणायची. वरचं पत्र्याचं झाकण काढायचं. आत व्हॉल्व्ह दाबणारे बारा रॉकर एका दांड्यावर ओळीने टकटकत असतात आणि गरम तेल उडत असतं. फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पाती रॉकर आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्या मध्ये सरकवायची. रॉकर वर-खाली होत असतो, म्हणजे पाती क्षणभर धरली जाते, क्षणभर सुटते. दुसऱ्या हातात छोटा पाना, तो स्क्रूवर. पाती ओढताना बोटांना जो किंचित अटकाव लागतो तो जुळवायचा. लोण्यातून सुरी ओढल्यासारखा, तो म्हणायचा. आणि जुळला की त्या एका रॉकरचा आवाज बदलायचा. बारा आवाजांतला एक. पहिल्या वेळी मला काहीच ऐकू आलं नाही. त्याने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक रॉकरच्या दांड्यावर ठेवलं आणि मूठ माझ्या कानाला लावली. चौथ्या-पाचव्या खेपेला फरक लागायला लागला, तबल्याच्या शाईवर बोट थोडं सरकलं की लागतो तसा.

त्याने सांगितलेली एक गोष्ट मी पुढे लॅबमध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगितली: टिकटिक करणाऱ्या टॅपेटला भिऊ नको, गप्प बसलेल्याला भी. फट जास्त असली तर आवाज होतो, नुकसान हळू. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, बसला नाही की त्याची उष्णता इंजिनाच्या हेडच्या लोखंडात जात नाही, आणि तो आवाज न करता जळतो.

हा म्हातारा १९७९ च्या थंडीत गेला. डॉज मेन त्यानंतर वर्षभराने, १९८० च्या जानेवारीत, बंद पडला. पुढे ती जागा आणि लगतची पोलटाउनची वस्ती पाडून तिथे जनरल मोटर्सचा कारखाना उभा राहिला. वस्ती पाडताना तो नव्हता हे बरं झालं.

आता थंडीची सकाळ. तुझी गाडी बटण दाबलं की सुरू होते. आमच्यावेळी तो विधी होता. शून्य फॅरनहाइट म्हणजे उणे १८ सेल्सिअस, आणि जानेवारीत त्याच्याही खाली जायचं. अ‍ॅक्सिलरेटर एकदाच पूर्ण दाबून सोडायचा. एकदाच! त्याने कार्ब्युरेटरच्या तोंडावरची चोकची पाती मिटते आणि इंजिन थोडं वेगात चालावं म्हणून एक छोटा कॅम जागेवर येतो. मग पाय पूर्ण काढायचा आणि सेल्फ मारायचा. पेटलं की अर्धा-एक मिनिट भणभणू द्यायचं, नंतर पायाने एक हलकी टिचकी, की वेग एक पायरी उतरतो. ही टिचकी कधी द्यायची ते इंजिनच सांगतं. घाबरून पाच-सहा वेळा पंप केलंस तर पेट्रोलचा वास येतो आणि प्लग भिजतात. मग उलटं करायचं: पॅडल तळापर्यंत दाबून तसंच धरायचं, हलवायचं नाही, आणि सेल्फ. चोक जबरदस्तीने उघडतो, हवा जाते, प्लग वाळतात. पहिल्या वर्षी मी इतका पंप करायचो की गल्लीभर वास सुटायचा.

आणि गोधडीची गोष्ट. रात्री इंजिन फार गार पडू नये म्हणून बायकोने गाडी बंद केल्यावर इंजिनावर गोधडी टाकायची टूम काढली. सासूबाईंनी नऊवार साड्यांची शिवून दिलेली गोधडी. दोन-तीन आठवडे झकास चाललं. एका पहाटे कामाला उशीर झाला, मी बॉनेट न उघडता सेल्फ मारला. तेव्हाचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावरच फिरायचा, इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. जांभळ्या, हिरव्या, चिंतामणी रंगाच्या चिंध्या बॉनेटच्या फटीतून बर्फावर. पट्टा तुटला, रेडिएटरला भोक पडलं नाही हे नशीब. या घटनेला पन्नासेक वर्षं झाली तरी पाहुण्यांना ती अजून सांगितली जाते.

दुसरी गाडी माझ्या मूर्खपणाचं स्मारक. घरी पहिली मुलगी झाली, मंडळाच्या कार्यक्रमांना पेट्या-तबले न्यायला लागले, म्हणून १९७३ च्या सप्टेंबरात दोन वर्षं वापरलेली फोर्ड कंट्री स्क्वायर घेतली. स्टेशन वॅगन, दोन टनांहून जास्त वजन, ४०० घनइंचाचं व्ही-८ (दोन रांगांत आठ सिलिंडर), म्हणजे ६.६ लिटर. बाजूला लाकडाच्या फळ्या. म्हणजे लाकडाचं चित्र असलेला चिकट विनाइल, पण लांबून थाट होता. ॲव्हरेज गॅलनला ११ मैल, लिटरला पावणेपाच किलोमीटरही नाही. पुढच्याच महिन्यात अरब देशांनी तेल रोखलं.

१९७३ साली पेट्रोल गॅलनला सरासरी ३९ सेंट होतं, १९७४ ला ५३. आज हे आकडे ऐकून तू हसशील, पण भावापेक्षा पेट्रोल मिळणं हाच प्रश्न होता. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पंपवाल्यांना शनिवार रात्रीपासून रविवारभर विक्री बंद ठेवायला सांगितलं. १९७४ च्या जानेवारीत देशभर ५५ मैलांची वेगमर्यादा आली. रांगेत उभं असताना लोक इंजिन बंद करून गाडी हाताने पुढे ढकलायचे. माझी कोण ढकलणार? समोर फोक्सवॅगन बीटल असली की तिचा मालक मागे वळून माझ्याकडे ज्या दयेने बघायचा ती अजून विसरलो नाही.

पण खरं सांगू? त्या गाडीइतकं सुख दुसऱ्या कुठल्या गाडीने दिलं नाही. तिचं मागचं दार खालीही पडायचं आणि बाजूलाही उघडायचं. मागे दोन छोट्या सीटा समोरासमोर, त्यांवर मुलं पाय अडकवून बसायची आणि भांडायची. गणपतीच्या वेळी तीन मोठी पातेली, हार्मोनियम, मखराच्या फळ्या आणि वर मंडळी. पट्टे कुणालाच नाहीत. आज तसं कुणी पोरांना बसवलं तर मीच पोलिसांना फोन करेन. एक मात्र तेव्हाच कळलं: चालत्या वॅगनची मागची काच उघडी ठेवायची नाही. गाडीच्या पाठीमागे हवेची पोकळी होते आणि धुराड्याचा धूर त्या काचेतून आत ओढला जातो. मुलं पेंगायला लागली की आधी काच बघायची.

रेडिओ एएम. नदीपलीकडच्या विंडसरचं सीकेएलडब्ल्यू स्टेशन ८०० वर लागायचं, पन्नास हजार वॅटचं, ओहायोतही खणखणीत. पुलाखालून गेलं की गाणं बुडायचं, बाहेर आलं की पुन्हा वर यायचं. माझ्या मुलीला अजून ती गाणी मध्ये भोकं पडलेलीच आठवतात.

त्याच काळात एका मित्राने १९७४ ची नवी गाडी घेतली. नियमानुसार त्या वर्षीच्या गाड्यांत पुढच्या बसलेल्यांनी पट्टा लावल्याशिवाय सेल्फच लागायचा नाही. शेजारच्या सीटवर वजन आहे का ते सीट ओळखायची. बिचाऱ्याने तांदळाची पिशवी शेजारी ठेवली, गाडी सुरू होईना. दुकानासमोर दहा मिनिटं खटपट करून शेवटी तांदळाला पट्टा बांधला. लोकांनी इतकी ओरड केली की त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा करून ती सक्ती काढून टाकली. पट्टा लावणं चांगलंच, पण तांदळाला नको.

कंट्री स्क्वायर मिठाने खाल्ली. दोष माझा, मी ती हिवाळ्यात धुवायचा आळस केला. इथे बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि मिठाला तोटा नाही. डेट्रॉइट शहराच्या पोटातच हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे. गाडीची राजधानी मिठावर बसलीय. एके दिवशी मुलीचा बूट मागच्या पायापाशी सापडेना, तो पत्र्याच्या भोकातून रस्त्यावर पडला होता.

तिसरी, १९७७ ची शेव्हरोले कॅप्रिस, ही माझी पहिली कोरी गाडी. त्या वर्षी जनरल मोटर्सने आपल्या मोठ्या गाड्यांना कात्री लावली. आधीच्या वर्षीपेक्षा सुमारे दहा इंच आखूड, सहाशेहून जास्त पौंड हलकी, आणि आतली जागा मात्र तशीच. लॅबमध्ये आम्ही मोजमापं बघून थक्क झालो होतो. ३०५ घनइंचाचं व्ही-८, हायवेला गॅलनला १७-१८ मैल. तेरा वर्षं चालवली. मैलाचा काटा पाचच आकडी, त्यामुळे ९९,९९९ नंतर सगळी शून्यं आली. मुलीला मुद्दाम शेजारी बसवून तो क्षण दाखवला. तिने विचारलं, म्हणजे गाडी नवी झाली? या गाडीबद्दल सांगायला जास्त गोष्टी नाहीत. त्रासच दिला नाही.

आता तुझ्या कामाचं.

आधी कोणती घेऊ नकोस ते. मोठ्या इंजिनाची, पट्टे ओढलेली, दोन दारांची "मसल कार" तुझ्या खिशाची नाही. बाजारात खऱ्यापेक्षा खोट्या जास्त फिरतात, साध्या गाडीला बिल्ले चिकटवून. जाहिरातीतल्या हॉर्सपॉवरवरही जाऊ नकोस. १९७१ पर्यंत आकडा उघड्या इंजिनाचा असायचा, त्यावर ना सायलेन्सर, ना पंखा, ना जनरेटर. १९७२ पासून सगळं जोडलेल्या इंजिनाचा छापायला लागले. त्यामुळे एकाच इंजिनाची ताकद कागदावर एका वर्षात कोसळल्यासारखी दिसते. शेव्हरोले व्हेगाचं अ‍ॅल्युमिनियमचं, आत लोखंडी अस्तर नसलेलं इंजिन, किंवा १९७८ ते १९८५ मधलं ओल्ड्समोबिलचं व्ही-८ डिझेल, हे संग्रहालयात बघ. ही माझी गाऱ्हाणी नव्हेत, मी दोन्ही घेतल्या नाहीत. डिझेलच्या दाबाला हेडचे बोल्ट पुरे पडले नाहीत आणि डिझेलमधलं पाणी वेगळं करायची सोय नव्हती, हे आमच्या धंद्यात पाठ्यपुस्तकातलं उदाहरण झालं.

घ्यायची तर चार दारांची, सहा सिलिंडरची डॉज डार्ट किंवा प्लिमथ व्हॅलियंट, १९६७ ते १९७६ मधली. चार दारांच्या गाड्यांना शौकीन लोक नाक मुरडतात, म्हणून स्वस्त. १९६७ का? कारण त्या वर्षापासून ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचे दोन भाग झाले. त्याआधीच्या गाड्यांत चारही चाकांचं ब्रेक ऑइल एकाच भांड्यातून जायचं. एक नळी फुटली की पॅडल थेट जमिनीला आणि तू देवाच्या हवाली. माझी १९६४ ची तशीच होती. तेव्हा माहीत असूनही चालवली. आज तुला चालवू देणार नाही.

इंजिन शेवटी बघ, पत्रा आधी. इंजिन दुरुस्त होतं, सडलेली गाडी होत नाही. मऊ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक ने. मागच्या चाकांवरच्या कमानी, दारांखालच्या पट्ट्या, डिकीचा तळ, इथे फिरव. जिथे चुंबक चिकटणार नाही तिथे पत्रा गेलाय आणि वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय. विकणाऱ्याला विचारून गालिचा उचल, पायाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोक. टणक आवाज हवा, पुठ्ठ्यासारखा नको. या गाड्यांना पुढे स्प्रिंगऐवजी लांब टॉर्शन बार असतात, त्यांचं मागचं टोक गाडीच्या मध्यावर एका आडव्या पट्टीत अडकतं. ती पट्टी सडली असेल तर चहाचे आभार मानून परत ये. शक्यतो अ‍ॅरिझोना किंवा कॅलिफोर्नियातली गाडी बघ. तिथे उन्हाने सीट फाटतात, पत्रा राहतो.

घेतल्यावर पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या बदल, आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला खातं. ऑइल झिंक असलेलं घे. नव्या ऑइलमध्ये झिंक कमी केलंय, ते नव्या इंजिनांना चालतं, पण जुन्या सपाट टॅपेटखाली त्यांना हलवणारा कॅम झिजतो. टायर रेडियल टाक. जुन्या नायलॉनच्या टायरांना थंडीत रात्रभर उभं राहून खाली सपाटी यायची, पहिला मैलभर गाडी धप-धप करत जायची. त्या धपधपीची आठवण आली तरी ती विकत घेऊ नकोस.

आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये एक बॅलास्ट रेझिस्टर कायम ठेव. चिनी मातीचा बोटभर तुकडा, काही डॉलरचा, इंजिनामागच्या भिंतीवर एका स्क्रूने बसतो. चालू असताना प्लगच्या ठिणगीसाठी कॉइलला जाणारा करंट तो आवरतो. सेल्फ मारताना त्याला वळसा घालून पूर्ण करंट जातो. म्हणून तो जळला की लक्षण मोठं मजेदार: सेल्फ मारताना इंजिन झकास पेटतं, किल्ली सोडली की मरतं. पुन्हा मारा, पेटतं, सोडा, मरतं. अनोळखी मेकॅनिक पेट्रोल पंप बदलेल, कार्ब्युरेटर उघडेल, बिल लावेल. तू दोन वायरी काढून नवा तुकडा लाव, दोन मिनिटं.

चालवताना कसं वाटतं विचारलंस. माझ्या गॅरेजमध्ये १९६७ ची डार्ट आहे, फिकट निळी, १९९८ साली घेतलेली. तिला पॉवर स्टिअरिंग नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत चाक पाचाहून जास्त वेळा फिरवावं लागतं, पार्किंगमध्ये खांदे भरून येतात. पुढच्या सीटला मधे फट नाही, सलग बाक, वळणावर शेजारचा सरकत तुझ्याकडे येतो. लग्नाआधी हा गुण होता. हेडलाइटचा वरचा-खालचा झोत डाव्या पायाखालच्या बटणाने बदलतो. खिडकीपुढची तिकोनी काच थोडी वळवली की वारा नेमका तोंडावर. चारही चाकांना ड्रम ब्रेक: डबक्यातून गेलास की गाडी एका बाजूला ओढते, मग पाय हलका टेकवून शंभर-दोनशे यार्ड ड्रम वाळवायचे. समोरच्यापासून आज ठेवतोस त्याच्या तिप्पट अंतर ठेव. मोकळी जागा दिसली की कोणीतरी नवी गाडी त्यात घुसवेल. शिव्या दे, पण अंतर पुन्हा वाढव.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून. फर्नडेलपासून पॉन्टिअ‍ॅकपर्यंत जुन्या गाड्यांची रांग, आणि कडेला खुर्च्या टाकून बसलेले माझ्या वयाचे लोक. मोठ्या व्ही-८ गुरगुरत जातात, त्यांच्याकडे सगळे बघतात. माझ्या डार्टकडे फारसं कोणी बघत नाही. पण दरवर्षी एखादा म्हातारा उठून जवळ येतो, बॉनेटला कान लावतो आणि म्हणतो, तिसरा एक्झॉस्ट जरा घट्ट वाटतोय.

तू शुक्रवारीच ये. संध्याकाळी गाडी गरम करून टॅपेट लावू, अर्धे तू कर. जुने कपडे घालून ये. ते तेल धुऊन जात नाही, तुझ्या मामीला विचार.